सगुणबाबांना वाट माहीत नसते

पेडण्याच्या बाजारात उभं राहून सगुणबाब लोकांना स्वतःच्याच घराची वाट विचारतात. सायकल थांबवायची, एक पाय जमिनीला टेकायचा आणि साळसूद चेहऱ्याने म्हणायचं, "बाबा, सगुणाचां घर खंय आयलां?" हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली मासळीची पिशवी पडायचीच बाकी होती. मला वाटलं, गेले कामातून.

बरं, वाट विसरायला हा माणूस म्हणजे काही साधासुधा नव्हे. बांधकाम खात्यात साखळी ओढून रस्ते मोजण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. मोरजीपासून मयेपर्यंत कुठे वळण आहे, कुठे मोरी आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं. आणि हाच गृहस्थ पावलापावलावर सायकल थांबवून विचारणार, "ही वाट खंय जाता?" मी एकदा चिडून म्हटलं, "सगुणबाब, हा रस्ता तुम्हीच मोजलाय ना?" तर म्हणाले, "वाट ठावक असली म्हणान विचारूची नाय?"

गोवा राज्य झालं त्याच सुमाराला ते निवृत्त झाले, आणि या दोन्ही गोष्टी एकाच हुकमाने झाल्यासारखं ते सांगत. पुण्या-मुंबईची तरुण मंडळी तेव्हा दर्याकाठाने सायकली फिरवायला आमच्याकडे येऊ लागली होती. सगुणबाबांनी त्यांच्यासाठी निळ्या पेन्सिलीने दोन नकाशे काढले. एक दर्याची वाट, मोरजी, मांद्रे, हरमल, केरी. दुसरी मातीची वाट, कोलवाळच्या पुलावरून अस्नोडा, शिरगाव आणि शेवटी मयेचं तळं. शिरगावात खाणीच्या ट्रकांमागून गेलं की पांढरा सदरा तांबडा होतो, म्हणून मातीची वाट. नकाशावर जागोजाग आकडे होते आणि प्रत्येक आकड्यापाशी एकच सूचना होती, इथे थांबून वाट विचारणे.

मी मामलेदार कचेरीतला निवृत्त कारकून, गावात सगळे मला भाई म्हणतात. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा दुबईला, घरात मी आणि रेडिओ. सगुणबाबांनी मला एका रविवारी जबरदस्तीने सायकलवर बसवलं. "भाई, बसान बसान तुझ्या सांध्यांक गंज चडतलो," म्हणाले. माझ्या सांध्यांची यांना काय पडलीय, असं मनात म्हणत मी निघालो.

मांद्र्याला रस्त्याला दोन फाटे फुटतात. त्या फाट्यावरच्या घरात रुक्मिणकाकी राहते, ऐंशीच्या घरातली, एकटी. सगुणबाबांनी घंटी वाजवली. "गे काकी, केरीची वाट खंयची?"

काकी सोप्यावरून उठली. आधी गूळ-पाणी आणलं. मग डावीकडच्या रस्त्याला कोणाची विहीर लागते, त्या विहिरीवरून भावाभावांत कसं वाजलं, पुढच्या फणसाला यंदा कसे फणस धरले, इथपासून जी सुरू झाली ती पाऊण तासाने केरीला पोचली. सगुणबाब मान डोलावत ऐकत होते. मला तर चक्करच यायची बाकी होती. निघताना काकी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दर म्हयन्याक विचारता हो. ह्येच्या लक्षातच रवना. सरकारान ह्येका पगार कसो दिलो, देव जाणे."

पुढे गावच्या हौशी लोकांनी सायकलवाल्यांसाठी समिती काढली आणि कागदपत्रांची सवय म्हणून मला चिटणीस केलं. पहिलाच ठराव आला, फाट्याफाट्यावर पाट्या लावायचा. पाट्या कोकणीत की मराठीत, यावर तीन बैठका झाल्या. ते दिवसच तसे होते. सख्खे शेजारी या एका प्रश्नावरून एकमेकांच्या घरचा चहा सोडत होते. शेवटी अक्षरच नको, नुसते बाण काढा, असं ठरलं. सगुणबाब कोपऱ्यात गप्प बसून होते. मी विचारलं, तुमचं काय मत? तर म्हणाले, "पाटीक गूळ-पाणी दिवंक येता?" सगळे हसले. मीही हसलो.

चार पाट्या लागल्या. पंधरा दिवसांत मांद्र्याची नाहीशी झाली, मग शिरगावची. कोकणीवाले म्हणाले मराठीवाल्यांनी उपटली, मराठीवाले म्हणाले कोकणीवाल्यांनी. नुसत्या बाणाची भाषा कुठली, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. पोलिसांत अर्ज द्यायचं ठरलं आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं.

अर्जावर सगुणबाबांची सही हवी म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. ते मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. खुराड्याच्या छपराकडे माझं लक्ष गेलं. छपरावर पांढरा बाण होता. शेजारी दुसरा. ज्या चोराविरुद्ध मी अर्ज लिहून आणला होता तो माझ्यासमोर उभा राहून कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"सगुणबाब, ही तुमची करणी?" मी विचारलं.

त्यांनी हातातले दाणे संपवले, हात झटकले. "पाटी लागली त्या रविवारी हांव मांद्र्याक गेलंय," ते म्हणाले. "काकी नवां लुगडां नेसान सकाळपासून सोप्यार बसलेली. गूळ फोडून ठेवलेलो. सायकली आयल्यो आणि सरसर गेल्यो. एकूय थांबलो नाय. सांजच्या माका विचारता कशी, बाबा, केरी गाव बंद जालो काय रे?"

नकाशावरचे आकडे एकेक करून डोळ्यांपुढे येऊ लागले. शिरगावचा आकडा म्हणजे सावंतवाडीकडून खाणीवर आलेला, आता डोळे गेलेला म्हातारा ट्रकवाला. मयेचा आकडा म्हणजे तळ्यापाशी राहणारे, मुलं मुंबईला गेलेले मास्तर. इतके दिवस त्यांच्यामागून दोन्ही वाटा फिरताना मी दर्या आणि तळं बघत होतो. हा माणूस दारात बसलेली माणसं मोजत होता. मला माझीच लाज वाटली.

समितीत मी उठून सांगितलं की पाट्या वाऱ्याने पडल्या, गुरांनी मोडल्या, पुन्हा लावण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी धडधडीत खोटं लिहिलं नव्हतं. ते त्या दिवशी इतिवृत्तात लिहिलं आणि खाली सही ठोकली.

त्यानंतर महिन्याभराने माझ्या फाटकाशी सायकली थांबू लागल्या. "काका, मोरजीला कुठून जायचं?" पहिल्यांदा मी वैतागलो. पोरांना समोरचा रस्ता दिसत नाही की काय? पण सांगितलं. पुढच्या रविवारी आणखी चौघे आले. मग मी रविवारी सकाळी लवकर दाढी करू लागलो, इस्त्रीचा सदरा घालू लागलो. रेडिओ लावायचं राहून जायचं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

एकदा पुण्याची एक मुलगी पाणी पिऊन गेली आणि आपला नकाशा सोप्यावर विसरली. निळी पेन्सिल, ओळखीचं अक्षर. पेडण्यात एक नवा आकडा घातलेला होता. त्यासमोर लिहिलं होतं, 'इथे वाट विचारणे. भाई एकटे असतात. सांगायला लागले की मध्ये उठू नये.'

पुन्हा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. माझ्या घरासमोरून मोरजीच्या बाजूला एकच रस्ता जातो, सरळ. त्याला फाटा नाही, वळण नाही. तिथे कोणी वाट विचारायचं काही कारणच नव्हतं. आणि मी मूर्ख, दर रविवारी ती हातवारे करून सांगत होतो.

रागावून सगुणबाबांकडे जाणार होतो. जाब विचारणार होतो. तेवढ्यात फाटकाशी घंटी वाजली. सायकलवर तेच होते, एक पाय जमिनीला टेकलेला, चेहरा साळसूद.

"भाई, मोरजीची वाट खंयची रे?"

मी नकाशा घडी करून खिशात घातला. आत जाऊन गूळ-पाणी आणलं, त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि पाऊण तास वाट सांगितली.