बादलीतला हात

पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसून बसून माणसाचं काय होतं, ते या गृहस्थांकडे पाहिलं की कळायचं. सगळे त्यांना 'तक्रारवाले' म्हणत. (वास्तविक ते तक्रारी ऐकणारे. करायची संधी त्यांना ना कचेरीत मिळाली, ना घरी.) पाणी आलं नाही की लोक ओरडायचे, आलं की गढूळ आलं म्हणून ओरडायचे, आणि स्वच्छ आलं की आज काय बिघडलं म्हणून विचारायला यायचे. अशाच एका दुपारी एका बाईंनी गढूळ पाण्याची बाटली त्यांच्या नाकाखाली धरली आणि तक्रारवाल्यांना चक्क त्या पाण्याचा रंग आवडला. फिकट गेरूसारखा. कॉलेजात ते बरी चित्रं काढायचे. बाई बोलतच होत्या, आणि इकडे तक्रारवाल्यांनी ठरवून टाकलं, आपण चित्रकला शिक्षक व्हायचं.

"माध्यमिक शाळेत," घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. "आधी प्रशिक्षणाला प्रवेश मिळवावा लागतो. वयाची अट आहे, म्हणजे यंदाच काय ते. पण नंतर निवांत! मुलं चित्र काढतात, आपण नुसतं मधून फिरायचं."

बायको वर्षानुवर्षं नववीला गणित शिकवत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं.

"नववीची मुलं?"

"हो."

"हातात रंग घेतलेली?"

"हो."

"आणि तू निवांत?"

ती इतकी दमलेली होती, की हसणंसुद्धा तिने रविवारवर ढकललं.

मुलाखतीला चित्रं न्यायची होती आणि सोबत एक शिल्प. चित्रांचं जमलं. कचेरीतून आल्यावर तक्रारवाले जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचे आणि घरातली माणसं उभ्याने जेवायची. शिल्पाचं मात्र घोडं अडलं. शेवटी त्यांनी प्लास्टरचा हात करायचं ठरवलं. पण हात कुणाचा? बायकोचे दोन्ही हात उत्तरपत्रिकांत अडकलेले. रिकामा हात घरात एकच होता, सासऱ्यांचा. सासरे बस कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आले होते आणि कुणीतरी आपल्याला काहीतरी काम सांगावं म्हणून वाट बघत बसले होते.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी सासऱ्यांना मोरीजवळ स्टुलावर बसवण्यात आलं. तक्रारवाल्यांनी या विषयावरचा व्हिडिओ बघितला होता. (पूर्ण नाही. सगळं समजलंय असं वाटल्यावर बंद केला होता. महत्त्वाची सूचना शेवटी होती.) त्यांनी प्लास्टिकच्या लहान बादलीत प्लास्टर कालवलं आणि सासऱ्यांचा हात मनगटापर्यंत आत बुडवला.

"हलायचं नाही हं, बाबा."

"जन्मभर चालत्या बसमध्ये उभा राहिलोय, जावईबापू. बादलीचं काय सांगता!"

सासऱ्यांनी मोरीतल्या फरश्या दोनदा मोजून काढल्या.

"जावईबापू, गरम लागतंय."

"लागणारच. रासायनिक क्रिया आहे."

"आता जास्तच लागतंय."

"म्हणजे काम उत्तम चाललंय."

"आणि हात निघत नाहीये."

यावर काय म्हणायचं, ते व्हिडिओच्या उरलेल्या भागात असावं.

तक्रारवाल्यांनी बादली ओढली. बादलीबरोबर सासरे आले. बायको धावत आली, तिने एका नजरेत सगळं पाहिलं आणि वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी बादली कापायला घेतली. तक्रारवाले भोवती नाचत होते, "अहो, जपून, अहो, अंगठा, अहो, मी धरू का?"

"इंजेक्शन देऊन बधिर करू का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाबांना?"

"नाही, तुम्हाला."

अखेर टकटक करत प्लास्टरचे तुकडे निघाले आणि हात सुटला. लालबुंद झालेला, आणि मनगटापर्यंत एकही केस न उरलेला.

"आणखी थोडा वेळ गेला असता तर चांगला भाजला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलांना काहीही शिकवा, हे शिकवू नका."

तक्रारवाले मोरीतच तुकड्यांसमोर बसून राहिले. एवढ्या वर्षांत खिडकीपलीकडून कितीतरी बोलणी खाल्ली, पण आजच्यासारखी मान कधी खाली गेली नव्हती. "नाही जात मी मुलाखतीला," ते म्हणाले.

सासऱ्यांनी गार पाण्यातला हात बाहेर काढून फिरवून पाहिला. "वा! म्हणजे हात माझा भाजायचा आणि माघार तुम्ही घ्यायची? चला, जोडा ते तुकडे."

तुकडे जोडून त्या साच्यात नवं प्लास्टर ओतलं. त्यातून जे निघालं त्याला बोटं होती, फक्त ती आपापसात ठरवल्यासारखी भलत्याच ठिकाणी होती.

मुलाखतीला सासरेही निघाले. "माझा हात आहे, मी येणारच." त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून तक्रारवाले आत तीन परीक्षकांपुढे गेले. चित्रं बघून झाली. मग त्यांच्यातल्या प्राचार्याबाईंनी ती वस्तू उचलली.

"हे काय आहे?"

"हात."

"मला आल्याचा तुकडा वाटला," शेजारचे परीक्षक म्हणाले.

"हात आहे तो!" दारातून आवाज आला. सासरे थेट आत आले आणि त्यांनी प्लास्टरशेजारी आपला खराखुरा हात ठेवला. "हा बघा. फरक आहे, पण दोष हाताचा नाही."

प्राचार्याबाई हाताकडे बघतच नव्हत्या. "आजोबा, जरा खिडकीकडे तोंड करता? अहो, बघा तरी, काय हाडं आहेत चेहऱ्याची!" तिघेही परीक्षक सासऱ्यांभोवती फिरू लागले. तक्रारवाले आल्याचा तुकडा हातात धरून बाजूला उभे. बऱ्याच वेळाने कुणालातरी त्यांची आठवण झाली.

"हां, तर तुम्ही. मुलांना हे साचाकाम कसं शिकवाल?"

पाठ केलेलं उत्तर होतं, पण ते म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं. "आधी स्वतःच्या हातावर करून बघेन," ते म्हणाले. "आणि व्हिडिओ शेवटपर्यंत बघेन."

प्राचार्याबाई पहिल्यांदाच हसल्या.

पुढच्या आठवड्यात फोन आला. सासऱ्यांसाठी. रेखाटनाच्या वर्गाला मॉडेल म्हणून बसाल का, अशी विचारणा होती. सासऱ्यांनी रुबाबात होकार दिला आणि फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, "आणि आमचे जावई?"

"हो, हो, त्यांनाही घेतलंय," पलीकडून उत्तर आलं.

पहिल्या दिवशी तक्रारवाले आपल्या निम्म्या वयाच्या मुलामुलींत बोर्ड लावून बसले. समोर उंच स्टुलावर, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, सासरे. तक्रारवाल्यांनी मान वर न करता काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. खांदे भरून आले, पण कितीतरी वर्षांनी त्यांना दमल्याचं समाधान वाटत होतं.

सुट्टी झाल्यावर सासरे खाली उतरले आणि एकेकाचं चित्र बघत निघाले. "वा, पोरी!" "झकास, बाळा!" असं करत ते जावयाच्या मागे येऊन थांबले. चित्र बघून त्यांनी स्वतःचं नाक चाचपून पाहिलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, वाकले आणि मायेने जावयाच्या कानात म्हणाले,

"काळजी करू नका, जावईबापू. आपलं नातं मी या मुलांना सांगितलेलं नाही."