कमरेला पिस्तूल, दारात भाऊ

पिस्तूल निवडावं तर मीच! आमच्या केंटकीतल्या या गावात लोक पिस्तूल घेताना किंमत बघतात, नाहीतर मेव्हण्याला विचारतात. मी दोन महिने अभ्यास केला. चक्क वही केली!

दुकानदार हॉइट म्हणाला, "रँडल, अंगावर बाळगायला लहान घे, घराच्या रक्षणाला मोठं घे. दोन कामं, दोन पिस्तुलं."

"एकातच दोन्ही भागवतो!" म्हणत मी त्याच्याकडचं सगळ्यात दणकट पिस्तूल उचललं.

"अरे, हे लपवणार कुठे? कमरेला वीट बांधल्यासारखं दिसेल!"

"ते माझ्यावर सोड."

आणि लपवलं की! दोन मापं मोठे शर्ट आणले. फक्त वजनानं पँट घसरायची, म्हणून एक हात कायम उजव्या कुशीवर. दुसरी पंचाईत रविवारची. आमच्याकडे चर्चच्या दारात जो तो मिठी मारतो. मिठी मारली की बिंग फुटलंच! मग मी दोन पावलं मागे सरून लांबूनच हात मिळवायला लागलो.

तिसऱ्या रविवारी मिसेस प्रूइटनं गाठलं. या बाईला एक गोष्ट सांगितली की गावात दवंडी पिटायची गरज नाही.

"रँडल, कपडे किती ढगळ झालेत रे! कुशीत दुखतंय का?"

"छे! काही नाही हो."

"माझे हे पण शेवटपर्यंत 'काही नाही'च म्हणत होते," असं म्हणून तिनं डोळ्यांना रुमाल लावला.

मंगळवारपर्यंत गावानं माझ्या दोन्ही किडन्या निकामी करून टाकल्या! पाद्रीबाबांनी माझ्या नावानं प्रार्थना सुरू केली. बायकांनी पाळ्या लावून चिकन-नूडल्सची गरमागरम भांडी दारात आणून ठेवली.

"सांगून टाक ना खरं!" माझी बायको लोरीन करवादली.

"लपवलेलं पिस्तूल गावाला सांगायचं, तर लपवलं कशाला?" मी म्हणालो. शिवाय नूडल्स झकास होत्या, खोटं कशाला बोलू?

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात एमेट! माझा थोरला भाऊ! वडिलांच्या बोटीवरून आमचं वाजलं, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून एक शब्द नाही. मिसेस प्रूइटनं त्याला फोन केला होता आणि तो मिझुरीहून नऊ तास गाडी हाणत आला होता.

"रँडल, माझी एक किडनी घे," तो म्हणाला. "डॉक्टरला विचारून आलोय. बिअरसुद्धा सोडली!" आणि त्यानं दोन्ही हात पसरले.

मी दोन पावलं मागे सरलो. सवय हो! त्याचे हात तसेच हवेत राहिले.

"अजून राग आहे?"

"नाही रे! दुखतंय म्हणून..." तोंडातून निघून गेलं.

एवढा धिप्पाड माणूस, सोफ्यावर बसून हुंदके द्यायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात लोरीन स्वयंपाकघरातून आली.

"एमेट, याच्या किडन्या ठणठणीत आहेत! कमरेला पिस्तूल आहे याच्या!"

मी शर्ट वर केला. करतो काय?

"कशाला हे?" एमेटनं विचारलं.

"घराच्या रक्षणासाठी."

"कुणापासून?"

मी शर्ट परत खाली ओढला.

"बोटीसाठी भांडलो तो दोघांचा मूर्खपणा होता," तो म्हणाला. "पण आज माझं रडणं बघूनही तू गप्प बसलास." त्यानं टोपी घातली आणि निघाला.

मी मागे धावलो. पायरीवर पँट गुडघ्यापर्यंत आली! एका हातात पँट, दुसऱ्या हातानं पिस्तूल सावरलेलं. त्याच्या गाडीचं दार धरायला हातच उरला नाही. समोरून भांडं घेऊन येणारी मिसेस प्रूइट किंचाळली, "अरे देवा! किती वाळलाय बिचारा!" गाडी गेली.

पिस्तूल आता कपाटात कुलपात आहे. रविवारी चर्चमध्ये उभं राहून सगळं कबूल केलं. नूडल्स बंद झाल्या, ते योग्यच झालं. एमेटला आठ फोन केले, एकही उचलला नाही.

काल मात्र त्याचा मेसेज आला. "किडन्या नक्की ठीक आहेत ना?" एवढाच.

सकाळपासून उत्तर लिहितोय आणि खोडतोय. "ठीक आहेत" एवढे दोन शब्द लिहायचीसुद्धा लाज वाटतेय हो!