मंडळाची गाडी आधी वडनेरला

वामनभाऊ खोंडे पायी चालतानाही मोटारसायकलचा गॉगल लावत. तो काही साधासुधा नव्हे. लष्करी लिलावातला, चामडी पट्ट्याचा आणि अर्धा चेहरा झाकणारा. तो लावूनच ते हिंगणघाटच्या बाजारात वांगी निवडत. त्यातून वांग्याचं भोक दिसत नसे, त्यामुळे किडकी वांगी हमखास त्यांच्या पिशवीत जात. कुणी हटकलंच तर म्हणत, "धूळ काय मोटारसायकल पाहून येते?"

वामनभाऊंना मोटारसायकल चालवता येत नव्हती. आणि ते आमच्या मोटारसायकल प्रवासी मंडळाचे अध्यक्ष होते.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. वामनभाऊ कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली आणि हाताचं हळदकुंकू पुसायच्या आत त्यांनी मंडळ काढलं. सभासद तीन, गाडी एक. गाडी सलामभाई मिस्त्रीची. लढाईनंतर मोडीत निघालेली, बाजूला माणूस बसायचा डबा जोडलेली. सलामभाई चालवणार, मी मागे बसणार आणि अध्यक्ष डब्यात. मी शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून चिटणीस झालो. पहिल्याच सभेत सतरा नियम मंजूर झाले. शिट्टी वाजल्याशिवाय उतरायचं नाही, हा पहिला. मशीनला लाथ मारायची नाही, हा दुसरा. हा दुसरा नियम सलामभाई दर खेपेला मोडायचा, म्हणून तर गाडी सुरू व्हायची.

"पयले मशीन, मंग मानूस," हे वामनभाऊंचं पालुपद. एकदा एका वळणावर मी गाडीवरून उडून काटेरी कुंपणात पडलो. अध्यक्ष धावत आले ते चाकाची हवा तपासायला. चाक ठीक असल्याची खात्री पटल्यावर मला म्हणाले, "तुमी काऊन तिकडे बसले, मास्तर?"

सगळ्यात अजब नियम पंधरावा. कुठेही जायचं असलं तरी आधी वडनेरला जायचं. संक्रांतीला पवनारची सहल ठरली. आता हिंगणघाटहून पवनार एका दिशेला आणि वडनेर बरोबर उलट दिशेला. मी तसं म्हणालो, तर अध्यक्षांनी मला समजावलं. "थंडी मशीन लंब्या सफरीले नेत नाईत, मास्तर. वडनेरवरून आलो का गरम होते."

वडनेरला पोचलो की शिट्टी वाजायची. "आता लई गरम झाली. थंडी करा लागते."

ती थंड व्हायची एकाच घरासमोर. घर सुमीच्या सासरचं. सुमी म्हणजे वामनभाऊंची एकुलती एक लेक. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि सुमी सासरी गेल्यापासून घरात वामनभाऊ एकटेच. नुसतं भेटायला आलो, असं म्हणायची त्यांना सोय नव्हती, कारण विहीणबाई दारातच विचारत, "आज काऊन आले?" मग वामनभाऊ गाडीकडे बोट दाखवत. सुमी बादलीभर पाणी आणायची. ते गाडीवर शिंपडलं जायचं. मला आणि सलामभाईला ओसरीवर चहापाणी मिळायचं. वामनभाऊ मात्र बाहेरच उभे राहून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे. त्यांच्याकडची रीतच तशी होती. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही. लग्नाला चार वर्षं झाली तरी सुमीकडे पाळणा हलला नव्हता.

सूर्य डोक्यावर आला तरी गाडी काही थंड होत नसे. मी वहीत लिहायचो, "उर्वरित प्रवास पुढील खेपेस." उन्हाळ्यापर्यंत मंडळाच्या चार सहली झाल्या आणि मंडळाने वडनेर चार वेळा पाहिलं.

सलामभाईला एकदा मी बाजूला घेतलं. तो म्हणाला, "मास्तर, ये इंजन हवा से ठंडा होता है. इसको पानी का क्या काम?"

"मग सांगत का नाहीस?"

"बाप है बेचारा. डालने दो पानी."

भादव्याच्या तोंडावर पोळा आला. सणाला लेक डोळ्यांपुढे हवी, म्हणून अध्यक्षांनी तातडीची सहल काढली. वाटेत नाल्याला पूर होता. आम्ही पांदणीतून, म्हणजे शेतांमधल्या गाडवाटेनं निघालो आणि काळ्या मातीनं गाडी डब्यापर्यंत गिळली. झुली घातलेले, शिंगं रंगवलेले बैल शेजारून मिरवत चालले होते. वामनभाऊंनी एक जोडी मागितली. मालक म्हणाला, "आज बैलाले काम सांगत नाईत, भाऊ. तुमीच जुंपून घ्या."

आम्ही जुंपून घेतलं. वामनभाऊंनी दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला. दोन तास लागले. पाण्याची बाटली चिखलात कुठे गेली ते कळलंही नाही. सुमीच्या दाराशी पोचलो तेव्हा शिट्टी वाजवायला अध्यक्षांच्या तोंडात ओल नव्हती.

सुमी पाण्याचा गडवा भरून धावत आली. आम्ही दोघं प्यायलो. तिने पुन्हा भरला आणि बापासमोर येऊन थबकली. ओसरीवरून विहीणबाई म्हणाल्या, "त्यायले काऊन देतं? नातू दिसल्याबिगर पेत नाईत ते. अन् आमच्या घरी तं त्याची आशाच दिसून नाई राह्यली."

आम्हा परक्यांसमोर बोलल्या. सुमीने मान खाली घातली आणि गडवा घेऊन आत वळली. मला विहीणबाईंचा असा राग आला की काय करावं ते सुचेना.

वामनभाऊ चिखलाच्या पायांनी तसेच ओसरीवर चढले.

"सुमे, आण तो गडवा."

"तुमाले चालत नाई, बाबा."

"तहान लागली मले, माय."

"अन् रीत?" विहीणबाई म्हणाल्या.

"मी मोडून राह्यलो, ईनबाई. पाप लागन तं मले लागन. नातू होवो का न होवो, पोरगी माहीच आहे."

आणि ते गटागटा प्यायले. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. रिकामा गडवा पुढे करून म्हणाले, "अजून दे." सुमी रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नसावं.

पुढच्या रविवारी मी आणि सलामभाई गाडी पुसून चौकात उभे होतो. नऊ वाजले, दहा वाजले, अध्यक्षांचा पत्ता नाही. शेवटी सलामभाई त्यांच्या घरी जाऊन आला. दाराला कुलूप होतं. शेजाऱ्यानं सांगितलं, वामनभाऊ सकाळच्या मोटारीनं वडनेरला गेले, लेकीकडे जेवायला.