रुसवे काढणारे नानाजी

लग्नाची अक्षत घेऊन कोणी आलं, की नानाजी मुहूर्त विचारत नसत. त्यांचा पहिला सवाल असायचा, "रुसनार कोन हाय?"

रुसवे काढणं हाच त्यांचा धंदा. म्हणजे पोटाचा नव्हे. पोटापुरती काळी जमीन होती, ती पुतण्या पाहायचा. पण बार्शीटाकळीपासून तेल्हाऱ्यापर्यंत कुठल्याही मांडवात जावई सायकलीसाठी अडला, मामाला फेटा आखूड वाटला, विहिणीच्या पायांवर गार पाणी पडलं, की अकोल्याला माणूस धावत यायचा. नानाजी जायचे, फुगलेल्या माणसाच्या सतरंजीवर मांडी घालायचे, निवांत सुपारी कातरायचे आणि म्हणायचे, "सांगा बाप्पा, कोनता मान राह्यला?" हट्टी, तापट, आगाऊ असं जगात कोणी नसतंच, हे त्यांचं ठाम मत. ज्याचा मान राहिला तो रुसतो, संपलं.

मी त्यांच्या शेजारी राहायची. शाळेत दुसरीला शिकवत होते, त्यामुळे हट्टी मुलांबद्दल माझंही एक ठाम मत होतं. त्याला लाकडी पट्टी लागायची.

त्या उन्हाळ्याच्या सुटीत नानाजींची लेक कमल धामणगावहून माहेरी आली. सोबत सहा वर्षांची शोभी. ही पोरगी भर दुपारी अंगणात आडवी पडायची आणि किंचाळून सगळी आळी उठवायची. भरलेला रांजण ओतून द्यायची. समजूत काढायला जाणाऱ्याला चावायची. तिचे दात मीही मनगटावर मिरवले आहेत. कमल रडवेली होऊन मला म्हणाली, "बाई, सासूबाईनं बजावून धाडलं हाय. पोट्टी आजोळी जाऊन बिघडते म्हने. यंदा तशीच वापस आली तं माहेर बंद."

नानाजींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक आणि नात वर्षातून एकदा येत, तेवढंच त्यांच्या घराला घरपण. त्यांनी त्याच दिवशी कंबर कसली. तेल्हाऱ्याच्या लग्नघरून न्यायला आलेली दमणी गाडी बैलांना पाणी पाजून रिकामी परत पाठवली. "यंदा मांडव नाई," ते म्हणाले. "घरातच नवरदेव फुगून बसला हाय."

मग शोभी आडवी पडली की हे अडकित्ता घेऊन शेजारी हजर. "शोभाबाई, कोनता मान राह्यला?" पहिल्यांदा गूळ-फुटाण्यावर निभावलं. मग पोरीला गोम कळली. "मले फेटा पायजे!" नानाजींनी आपला जरीचा फेटा तिच्या डोक्याला गुंडाळला. मग पाय धुवायला ऊन पाणी आलं. मग घोडा. घोडा कुठला आणायचा? नानाजी स्वतःच अंगणात ओणवे झाले आणि वरात बघायला शेजारपाजार कुंपणाशी गोळा झाला.

"नानाजी, दोन धपाटे घाला," मी म्हटलं. "लाडानं डोक्यावर बसली आहे."

"बाई," ते धापा टाकत म्हणाले, "हात उचलला का बोलनी मोडली. मंग लगन होत नसते."

तरी ते हबकले होते. मागितलं ते सगळं देऊनही रुसवा निघत नाही, असं त्यांच्या हयातीत घडलं नव्हतं. दोन-तीन दिवस ते बाजेवर बसून नुसते बघत राहिले. मग एका सकाळी कुंपणाशी येऊन मला म्हणाले, "मागते ते येगळं असते, राह्यलेलं येगळं. पोट्टीले मायच भेटून नाई राह्यली."

खरंच होतं. सासरी कमल दिवसभर राबायची. इथं बाईमाणूस नसलेलं घर, म्हणून आल्यापासून भांडी, सारवण, कुरडया, पापड. शोभीला दिसायची ती आईची पाठ. आणि आई चुलीकडे वळली, की पोरगी अंगणात आडवी.

त्या दिवसापासून चुलीपुढे नानाजी. त्यांची पहिली भाकरी कुत्र्याने हुंगली आणि सोडून दिली.

"बाबा, लोक हासतीन!" कमल म्हणाली.

"हासू दे. तू पोट्टीजवळ बस."

कमल बसली. मायलेकी सागरगोटे खेळायला लागल्या. शोभी काही देवमाणूस झाली नाही. रांजण आणखी एकदा सांडलाच. पण चावणं थांबलं आणि आळीला दुपारची झोप लागू लागली.

मग न्यायला विहीणबाई आल्या. टांगा दारात उभा राहिला, आणि शोभी अंगणात आडवी झाली. "मी नाई जात!"

कमलचं तोंड पांढरं पडलं. विहीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पाहा. बिघडली का नाई? आता पुढच्या सुटीत..."

नानाजी आतून आले. अडकित्ता निघणार, म्हणून मी बघत होते. ते शोभीच्या शेजारी धुळीतच बसले, विहीणबाईंकडे पाठ करून.

"मी रुसलो," ते म्हणाले.

मुलीचा बाप कधी रुसतो? रुसणं हा मुलाकडच्यांचा हक्क. मुलीच्या बापाने हात जोडायचे. नानाजींइतकं हे कोणाला माहीत होतं! टांगेवालासुद्धा खाली उतरून बघायला लागला. शोभी रडायची थांबली आणि आ वासून आजोबांकडे पाहत राहिली.

"इवाईबुवा, उठा ना," विहीणबाई ओशाळून म्हणाल्या. "लोक पाहून राह्यले. गाडी चुकन." नानाजी ढिम्म. शेवटी त्या पदर सावरून पुढ्यात येऊन टेकल्या. "बोला बाप्पा, काय पायजे तुमाले?"

"दिवाळीले दोघीले धाडा. पोट्टी जशी असन तशी."

विहीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. कमल खाली मान घालून उभी होती. "धाडीन," त्या म्हणाल्या. "उठा आता."

टांगा गेला. शोभी आईच्या मांडीत बसून गेली. नानाजी मात्र उठले नाहीत.

"गेल्या त्या," मी म्हटलं.

"ठाव हाय." मग म्हणाले, "बाई, कमलची माय कधीच रुसली नाई. मी गावोगाव सांगत फिरलो, माही बायको कशी समजदार. आता समजून राह्यलं. रुसन कोनासाठी? मी घरी होतो कुठं?"

मी म्हटलं, "चला नानाजी, आमच्याकडे जेवायला."

"नाई. भूक नाई."

मी पुन्हा म्हटलं. "राहू द्या ना बाई," ते म्हणाले, पण मी निघाले की काय, ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घेतलं.

मी पदर खोचला आणि त्यांच्याजवळ धुळीतच बसले. "तुम्ही उठल्याशिवाय मीही जेवत नाही."