मीच घालवलेला दिवा

एका मंगळवारी दुपारी, घरातले सगळे पांगलेत असं बघून, मी फक्त चार स्क्रू काढायचं ठरवलं. चोरी नाही, मारामारी नाही, चार स्क्रू. पुढे जे झालं त्याला हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही जन्मभर तुम्हा लोकांची मजाच बघत आलोय.

झालं असं, की आमच्या चिरंजिवांनी गाडी विकायला काढली. गाडी माझी, तेवीस वर्षांची. गुन्हा काय, तर मागे घेताना मी शेजाऱ्यांचं फाटक पाडलं. (फाटक मुळात चुकीच्या जागी आहे, ते कोणी बघत नाही.) "बाबा, तुमची नजर गेलीय," असं म्हणून त्यानं गिऱ्हाईक आणलं तेही चष्म्याचं दुकान चालवणारं. माझ्या पोटचा, म्हणून कौतुक वाटलं.

आज न्हाव्याकडे जायचं तर मी किल्ली उचलतो आणि निघतो. गाडी गेली की सूनबाईंना विचारायचं, बाई, तुझ्या सवडीनं मला सोडतेस का? ती सोडेल. हसतमुखानं सोडेल. तेच मला नको होतं.

आता हा चष्मेवाला. त्याच्या आधीच्या गाडीनं वायरिंगमुळे पेट घेतला होता. पत्र्याला पोचे आलेले चालतील, पण विजेचा बिघाड चालायचा नाही, हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं. कोणाला, तर मला.

गाडीतला दिवा कसा लागतो ठाऊक आहे? दाराच्या चौकटीत एक बटण असतं. दार उघडलं की ते बाहेर येतं आणि छतावरचा दिवा लागतो. पण वीज परत जाते ती बटण धरून ठेवणाऱ्या स्क्रूमधून, गाडीच्या पत्र्यात. स्क्रू आणि पत्रा यांच्यामध्ये काही आलं, की अंधार. मी सातवी नापास, पण एवढं मला कळतं. सूनबाईंची बिनरंगाची नेलपॉलिश घेतली (विचारून नव्हे), चारी दारांचे स्क्रू आणि त्यांची भोकं तीन-तीन हात देऊन रंगवली, वाळवली, अलगद बसवली. दिवा गेला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

गुरुवारी चष्मेवाला आला, त्यानं चारी दारं उघडून पाहिली आणि दोन पावलं मागे सरला. आज दिवा, उद्या धूर, म्हणाला. चिरंजिवांनी त्याला रविवारचा वायदा केला आणि वायरमनला बोलावलं.

वायरमन चाळिशीचा, गळ्यात टेस्टलॅम्प अडकवून फिरणारा. शनिवारभर तो माझ्या गाडीत लोळत होता. बल्ब बदलला, फ्यूज बदलला, छताचं कापड उसवलं. बटणापर्यंत वीज येतेय, बटणही चांगलं, मग दिवा का लागत नाही, या प्रश्नावर त्यानं आमच्याकडे चार कप चहा प्यायला. मी बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो आणि मधून मधून, टायरमध्ये हवा कमी असेल का हो, असं विचारत होतो. आमच्या हिनं मंगळवारीच माझ्या बोटांचा वास घेतला होता; आता तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. चाळीस वर्षांचा सराव आहे तिला.

रविवारी चष्मेवाला हजर, दिवा गैरहजर. वायरमननं हात टेकले. सगळी वायरिंग सडलीय, गाडी भंगारात द्या, म्हणाला. झालं होतं की माझं काम. मी गप्प बसायला हवं होतं.

पण चष्मेवाल्यानं सहज विचारलं, आजोबांना काही माहिती असेल का? आणि चिरंजीव हसून म्हणाले, "बाबांना? त्यांना टीव्हीचा रिमोट कळत नाही. आम्ही आपलं त्यांचं मन राखतो."

मन राखतात. तेवीस वर्षं या गाडीची नस न् नस मी सांभाळली, आणि हे माझं मन राखतात.

मी उठलो. पुढच्या दाराचा स्क्रू काढला, खिशातल्या चाकूनं खरवडला, भोक खरवडलं, पिळून बसवला. दिवा लागला. मग दुसरा, तिसरा, चौथा. वायरमननं हात जोडले. चिरंजिवांनी मात्र खाली पडलेला पापुद्रा उचलून उजेडात धरला.

"हे काय, बाबा?"

"गंज."

"आरपार दिसणारा गंज?"

मी चाकू मिटून खिशात टाकला. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं खिशातून किल्ली काढली आणि चष्मेवाल्याच्या हातावर ठेवली.

चष्मेवाला खुशीत. एक चक्कर मारू या, म्हणाला, आजोबा, तुम्हीही चला. तो स्टिअरिंगवर बसला, चिरंजीव त्याच्या शेजारी. मी पहिल्यांदाच माझ्या गाडीत मागे बसलो. दार ओढलं. दिवा जळतच राहिला. पुन्हा ओढलं. जळतोच आहे.

चष्मेवाल्यानं आरशातून पाहिलं. "राहू द्या आजोबा," तो प्रेमानं म्हणाला, "तुम्हाला नाही जमायचं." मग खाली उतरला, वळसा घालून आला आणि माझ्या गाडीचं दार त्यानं माझ्यावर अगदी नीट लावून घेतलं.

दिवा विझला.