थोपटायचा वॉचडॉग

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, भाजी चिरता चिरता व्हिडिओ बघून, मी चिपला अक्कल द्यायला शिकले. माझा शब्द आणि माझ्या चिपचा सेकंद, दोन्ही चुकायचे नाहीत! असं मी त्या सोमवारपर्यंत म्हणत असे.

प्रश्न सासूबाईंचा होता. वय ब्याऐंशी, दोनदा तोल जाऊन पडलेल्या, आणि आम्ही दोघं दिवसभर नोकरीवर. वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, हटून बसल्या होत्या, "आईला एकटं टाकता? मी घेऊन जाते तिला!" सासूबाईंना जायचं नव्हतं. मलाही त्या हव्या होत्या. माझा तोच किस्सा तिसऱ्यांदा ऐकून पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसणारं घरात दुसरं आहे कोण?

"आठ दिवस द्या," मी छाती ठोकून म्हणाले. "यंत्र करते!"

आणि केलं! साबणाच्या डबीएवढा डबा, आत टायमर चिप. ती अठराशे सेकंद उलटे मोजते. मधेच बटण दाबलं की पुन्हा अठराशेपासून सुरू. नाहीच दाबलं, तर मिनिटभर किंचाळते आणि मग फोन लावते. या धंद्यात तिला वॉचडॉग म्हणतात, आणि बटण दाबण्याला कुत्र्याला थोपटणं. मला ते इतकं गोड वाटलं की सासूबाईंनाही तस्संच सांगितलं.

"आई, हा तुमचा राखणदार कुत्रा. दर अर्ध्या तासाने थोपटायचं. बस्स!"

"चावत नाही ना गं?"

"नाही हो!"

फोनच्या यादीत पहिला नंबर मी वन्संचा टाकला. दिसू दे की जरा आपली हुशारी!

सोमवारी अकराला ऑफिसात माझा फोन वाजला. वन्सं!

"तुझ्या डब्याचा फोन आला! आई फोन उचलत नाही! मी निघाले!"

मीही पळाले. किल्ली हातात धरून, धापा टाकत जिना चढले, तर दार जमिनीवर आडवं! शेजारी सुतार पटाशी पुसतोय. वन्संनी माझी वाट बघितलीच नव्हती.

आत सासूबाई खुर्चीत. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला डबा. त्याला थोपटत होत्या.

"श्श! केवढा रडला! आत्ता कुठे डोळा लागलाय."

"आई, बटण! बटण दाबायचं होतं!"

"थोपटा म्हणालीस ना? सकाळपासून थोपटतेय. हात भरून आला माझा."

"अगं, पण दार फुटेस्तोवर ठोकलं मी!" वन्सं किंचाळल्या.

"ऐकलं की. उठले असते तर हा जागा झाला असता."

वन्सं कपाट उघडून सासूबाईंची बॅग भरू लागल्या. मी गयावया करू लागले, "बटण मोठं करते, आई! लाल करते!"

"नको गं," सासूबाई डबा माझ्या हातात देत म्हणाल्या. "छान केलायस. पण मी आहे, मी आहे, असं किती वेळा सांगायचं त्याला? माणूस असतं तर त्याला दिसलं असतं."

आणि दुपारी त्या वन्संबरोबर त्यांच्या घरी गेल्या.

सुतार म्हणाला, चौकट उखडलीय, दोन दिवस लागतील. तोवर उघड्या घरात कोणीतरी बसायला हवं. मी ऑफिसातल्या साहेबांना फोनवर भीत भीत रजेचं विचारलं. "घ्या की!" ते म्हणाले, कारणसुद्धा न विचारता.

दोन दिवस मी दारात खुर्ची टाकून बसले. दारासाठी हो! सासूबाईंसाठी रजा मागायचं काही सुचलं नव्हतं.