पन्नास इंचांची गाडी

गाडी निवडण्याच्या बाबतीत मला शेंडी लावेल असा माणूस आमच्या वरच्या मिशिगनमध्ये अजून जन्मायचाय. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा भलताच समज होईल. मी आर्वो तिक्कानेन. सगळी नोकरी रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवण्यात गेली. यंत्र नुसतं खोकलं तरी त्याला कुठे दुखतंय ते मला कळतं. माणसांचं कळत नाही, पण त्याचा पगार मला कोणी देत नव्हतं.

गाडी का लागली ते सांगतो. आम्ही दोघे भाऊ, दोघेही बिनलग्नाचे, एकाच घरात राहायचो. बोलायचो नाही असं नाही. शिकारीचा हंगाम सुरू झाला की बोलायचो. मग धाकटा विल्हो, साठी उलटलेला घोडा, चर्चच्या तळघरात बिंगो खेळायला गेला आणि डोरीन नावाची बाई जिंकून आला. तिच्याबरोबर ॲरिझोनाला निघून गेला. जाताना आमची बर्फावर पळणारी स्नोमोबाइल घेऊन गेला. ॲरिझोनाला! तिथे ती निवडुंगाशेजारी उन्हात उभी असते. फोटो पाठवलाय निर्लज्जाने.

तो गेला आणि पंचायतीने माझ्या रस्त्यावरचा बर्फ काढणं थांबवलं. "एका माणसासाठी ट्रक पाठवणं जमत नाही हो," असं सांगायला एक गुळगुळीत दाढीचा सभासद आला होता. दोन माणसं राहतात तो रस्ता, एक माणूस राहतो ती गल्लत. हा इसम लहानपणी ज्या रस्त्याने शाळेत गेला, तो पहाटे उठून मी मोकळा केलेला असायचा. त्याला मी कॉफी दिली. ती कॉफी देणं ही माझी आयुष्यातली मोठी चूक.

तेव्हापासून नोव्हेंबरात माझा ट्रक अंगणात गाडला जातो तो थेट एप्रिलात डोकं वर काढतो. टपालवाली बाई किराणा फाट्यावरच्या पेटीत टाकून जाते. मी तो घसरगाडीवर ओढून आणतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार शनिवारची आहे.

शनिवारी आमच्या फिनिश लोकांत सौना, म्हणजे वाफेची लाकडी खोली, तापतो. माझा सौना विल्होने बाहेरख्याली सुरू केली त्याच वर्षी जळाला. पण दलदलीच्या पलीकडे, ओढ्यावरचा पूल ओलांडला की वर्नर निस्काचं घर आहे. त्याच्या सौनाचा धूर झाडांवर दिसला की आपण निघायचं. बोलावणं नसतं. फोन तर आमच्यात कोणी मेलं तरच करतात. पोचलं की कपडे काढायचे, वरच्या बाकावर बसायचं, तापल्या दगडांवर पाणी ओतायचं, वाफेत भाजून निघायचं. मग त्याच दगडांवर कागदात गुंडाळून ठेवलेलं सॉसेज खायचं. बोलणं बेताचंच.

"गरम आहे."

"आहे."

पण आठवडाभरात माझ्याशी 'आहे' म्हणणारा तो एकच माणूस. एकदा शनिवार चुकला, तेव्हा मंगळवारी माझ्या लक्षात आलं की शुक्रवारपासून तोंडातून शब्द काढलेला नाही. काढला तो किटलीला दिलेली शिवी.

या हिवाळ्यात माझा गुडघा गेला. नाताळच्या आधीच्या शनिवारी मी बर्फातले रुंद जोडे चढवून निघालो आणि अर्ध्या वाटेवरून खुरडत परत आलो. मागे वळून पाहिलं तर धूर सरळ वर चाललेला. तेव्हा ठरवलं, गाडी घ्यायची. दोन माणसं शेजारी शेजारी बसतात, वर केबिन असते, आत हीटर असतो, अशी जंगलातली छोटी गाडी.

टपालवाल्या बाईच्या गाडीत बसून मी दुकानात गेलो. तिथे शेल्बी नावाची विक्रेती होती. तिने मला पाहिलं आणि सरळ रणगाड्याएवढ्या यंत्राकडे नेलं.

"ही बघा काका. चार माणसं आरामात. सहा स्पीकर."

"रुंदी?"

"चौसष्ट इंच. एकदम दणदणीत."

"मग हे ओढ्यावरच्या पुलाला जाऊन सांग."

पुलाचं असं आहे. असल्या दणदणीत गाड्या जंगलात घुसू नयेत म्हणून पायवाट मंडळाने पुलाच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब रोवलेत. मधे पन्नास इंचांहून जरा जास्त जागा. मी खिशातून टेप काढली आणि दुकानातल्या प्रत्येक गाडीखाली वाकून मापं घेतली. गुडघ्याने बोंब मारली, मी ऐकलं नाही. शेवटी कोपऱ्यात एक सापडली. बरोबर पन्नास इंच. हिरवी, बुटकी, बेडकासारखी बसलेली.

"ती अगदीच छोटी आहे काका. दोनच सीट."

"मला एकच पुरे."

"मग दुसरीवर कोण बसणार? काकू?"

"करवत," मी म्हणालो.

ती हसली. मी हसलो नाही. वाटेत झाड पडलेलं असलं तर यंत्रकरवत लागतेच, त्यात हसण्यासारखं काय आहे? पण एक सांगतो. करवत त्या सीटवर ठेवली की गाडीला वाटायचं माणूस बसलाय, आणि पट्टा लावा म्हणून ती टींटीं करून जीव खायची. शेवटी मी करवतीला पट्टा लावला. गाडी गप्प झाली. आम्ही दोघं अंगणात एक चक्कर मारून आलो.

पहिल्याच शनिवारी ती दलदलीपर्यंतसुद्धा गेली नाही. चाकं भुसभुशीत बर्फात गेली आणि गाडी पोटावर बसली. फावड्याने उकरून बाहेर काढेपर्यंत पलीकडचा धूर विरला होता. सोमवारी मी दुकानात फोन केला. कोणी मेलेलं नसताना!

"चाकं काढून रबरी पट्टे बसवा काका, रणगाड्यासारखे," शेल्बी म्हणाली. "बर्फावर तरंगेल. फक्त गाडी थोडी रुंद होते हां. पुलाचं बघा."

"बाई, तू जन्मायच्या आधीपासून मी बर्फ ढकलतोय."

माझा हिशोब पक्का होता. जानेवारीत पुलावर छातीएवढा बर्फ असतो. खांब कमरेएवढे. पट्ट्यांची गाडी बर्फावरून जाणार, खांब बर्फाखाली झोपलेले असणार. असले काय, नसले काय! हा हिशोब बर्फात आयुष्य काढलेला माणूसच करू शकतो. शहरातल्या माणसाला हे सुचलंसुद्धा नसतं, आणि आता वाटतं, तेच बरं.

पट्टे आले. बाहेर बोटं गोठत होती म्हणून मी गाडी शेडमध्ये घेतली, शेगडी पेटवली आणि दोन दिवस खपून चारही पट्टे चढवले. काम असं झालं की दुकानवाल्याने येऊन पाहावं. शेगडीच्या उजेडात मी तिच्याभोवती फिरून फिरून पाहिलं. मग दार उघडलं.

शेडचं दार चाकांच्या गाडीसाठी होतं.

माझा हिशोब पुलापर्यंत गेला होता, दारापर्यंत आला नव्हता. मी बराच वेळ दाराकडे पाहिलं. दारानेही माझ्याकडे पाहिलं. मग करवत उचलली आणि दाराची एका बाजूची चौकट कापून काढली. त्या चौकटीवर छप्पर उभं होतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शनिवार होता, दुपार कलत होती आणि पलीकडे धूर निघाला होता. मी करवतीला पट्टा बांधला, गाडी सुरू केली आणि बाहेर पडलो. मागे 'फस्स' असा आवाज झाला. आरशात पाहिलं तर शेड दारुड्यासारखी एका बाजूला टेकलेली आणि छपरावरचा सगळा बर्फ आत. असो, म्हटलं. आत ठेवण्यासारखं होतं काय? एक विल्होची खुर्ची.

आणि गाडी चालली! काय चालली! दलदलीवरून ती लोण्यावरून सुरी जावी तशी गेली. हीटर पायांवर, समोर पांढरं शुभ्र. मी करवतीला म्हणालो, "बघितलंस?" वळण घेतलं, उतार आला, पूल समोर दिसला. मी वेग कमी केला नाही. छातीएवढ्या बर्फावर वेग कशाला कमी करायचा?

पुलावर बर्फ नव्हता.

पुलाची फळीन् फळी दिसत होती. कोणीतरी फावड्याने तासून, कडा सरळ रेषेत कापून पूल लख्ख केला होता. माझ्या बाजूचा उतारही उकरला होता, पायरी पायरी करून. आणि मधे ते दोन खांब, काळेकुळकुळीत, माझी वाट बघत उभे.

धडाम!

गाडी खांबांत अशी बसली, जसं बाटलीत बूच. उजवा खांब वाकला. दोन्ही दारं खांबांना घासून अडकली, उघडेनात. इंजिन चालू, हीटर चालू, पट्टे जागच्या जागी फिरतायत. मी किल्ली बंद केली. एकदम सगळं शांत झालं. हॉर्न वाजवला असता तर वर्नरला ऐकू गेलं असतं, इतकं त्याचं घर जवळ. पण मदतीला हाक मारण्याची आमच्या घराण्यात रीत नाही. मी समोरच्या धुराकडे बघत बसलो. केबिन हळूहळू थंड झाली.

बऱ्याच वेळाने वर्नर आला. खांद्यावर फावडं, डोक्यावर ती कान झाकणारी टोपी. त्याने गाडी समोरून पाहिली, बाजूने पाहिली, वाकून खालून पाहिली.

"रुंद आहे," तो म्हणाला.

"पन्नास इंच आहे."

"दिसत नाही."

"पट्टे लावलेत." मग मला राग आवरेना. "पूल कोणत्या गाढवाने साफ केला?"

वर्नरने फावडं बर्फात रोवलं. "मी."

"कशाला?"

"तुझा गुडघा दुखतो म्हणून टपालवाली म्हणाली. म्हटलं, चालायला बरं पडेल. नाताळपासून दर शनिवारी करतोय."

"मग मला सांगायचंस!"

"तुला उगाच वाटायचं, बोलावतोय म्हणून."

मी इकडे महिनाभर गाडीच्या मागे लागलो होतो, तो तिकडे महिनाभर फावडं मारत होता. मधे एक पूल आणि दोन बंद फोन.

पुढची काच वर उचलता येत होती. वर्नरने मला काखेत धरून तिथून बाहेर ओढलं. वासराला ओढतात तसं. बॉनेटवरून घसरत मी त्याच्या पायांशी उतरलो. मग त्याच्या खांद्याला धरून सौनापर्यंत गेलो. दगड रसरसलेले होते. आम्ही वर बसलो. वर्नरने पाणी ओतलं. वाफ कानाला चावली. गुडघा इतक्या दिवसांत पहिल्यांदा गप्प बसला.

"गरम आहे," मी म्हणालो.

वर्नर 'आहे' म्हणाला नाही. तो म्हणाला, "कार्ला सोमवारी येतेय."

कार्ला त्याची मुलगी, मिलवॉकीला असते.

"भेटायला?"

"न्यायला." त्याने डोकं खाली घातलं. "तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे. माझं हृदय बरं नाही म्हणे. तुला सांगायचं होतं. म्हणून पूल करत होतो."

"तिथे सौना आहे?"

"विजेचा. कपाटाएवढा."

विजेचा! मी शिवी देणार होतो, पण त्याचा चेहरा पाहिला आणि पाणी ओतलं. त्या रात्री सॉसेज करपलं. दोघांनीही ते तसंच खाल्लं.

रविवारी वर्नरने त्याच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरने समोरून रेटून माझी गाडी खांबांतून मागे ढकलली. खांब तसाच वाकडा राहिला. मला त्याने सौनाची चावी दिली. "आग नाही पेटवली तर लाकूड कुजतं. पेटवत जा." सोमवारी तो गेला. हात हलवला की टोपी नीट केली, ते मला इतक्या लांबून कळलं नाही.

शनिवारी मी गाडी पुलाच्या अलीकडे लावली, फावड्याने पूल मोकळा केला, चालत पलीकडे गेलो आणि वर्नरचा सौना पेटवला. वरच्या बाकावर एकटाच बसलो. पाणी ओतलं. "गरम आहे," म्हणालो. पुढे कोणी काही म्हणेना. माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. पुढचे तीन शनिवार असेच गेले.

मार्चमध्ये मी नुकतं पाणी टाकलं होतं आणि दारावर कोणी बुक्क्या मारल्या. उघडलं तर पायवाट मंडळाचा अध्यक्ष, लेरॉय. बाहेर त्याची पिवळी गाडी उभी. बायको गेल्यापासून हा माणूस रोज त्या पिवळ्या गाडीतून जंगलभर फिरून फांद्या मोजतो, असं टपालवाली सांगायची.

"पुलावरचा खांब कोणी वाकवला?" त्याने दरडावून विचारलं.

"दार लाव, गरमी जातेय."

"मी काय विचारतोय, तिक्कानेन?"

"आधी बूट काढ. मग विचार."

त्याने बूट काढले. मग बाकीचंही काढलं. बाकावर बसला. मी पाणी ओतलं.

"गरम आहे," शेवटी तो म्हणाला.

"आहे."

जाताना बजावून गेला की खांब सरळ करायचा, आणि तो झाला की नाही हे बघायला पुढच्या शनिवारी येईन. आला. खांब झाला नव्हता. गुडघा, मी म्हणालो. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा आला, सॉसेज घेऊन. खांब सरळ करणं हे माझ्यासारख्याला एका दुपारचं काम आहे. ती दुपार मला काही सापडत नव्हती.

आणि परवाच्या शनिवारी मी पूल मोकळा करायला गेलो, तर डावा खांबही वाकलेला. मी वाकवला नव्हता. माझी गाडी घरीच होती, गुडघा आता साथ देत होता म्हणून मी त्या दिवशी पायी निघालो होतो. वाकून पाहिलं. खांबाला पिवळा रंग घासलेला.

संध्याकाळी लेरॉय आला. बाकावर चढला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता दोन झाले. उन्हाळ्यापर्यंत काम पुरेल."

मी पाणी ओतलं.